पंचाच्या कानाने ऐकलेला सामना

भातकापणी उरकून मळे सुकले की आमच्या मालवणच्या पट्ट्यात कबड्डीचे दिवस येतात. मंडळाची पोरं दिवसभर ढेकळं फोडून, पाणी मारून लाल माती बसवतात, संध्याकाळी फक्कीच्या रेषा पडतात, खांबांवर हॅलोजन चढतात आणि रात्री नऊ-दहाला पहिला सामना लागतो. पूर्वी अशा सामन्याचा साक्षीदार म्हणजे मैदानाभोवती बसलेला गाव. आता एका कोपऱ्यात फळ्यांच्या मचाणावर यूट्यूबवाल्याचा कॅमेरा असतो आणि लालबाग, डोंबिवली, विरारला बसलेले चाकरमानी मोबाईलवर आपल्या वाडीचा संघ बघतात. वादाची चढाई झाली की मिनिटभरात त्यांचे फोन मैदानावर यायला लागतात.

अशाच एका रात्री मी पंच होतो. शेवटची दोन मिनिटं, गुण बरोबरीत. चढाईपटू उजव्या कोपऱ्याकडे सरकला, डाव्या पायाचा चवडा बोनस रेषेकडे टाकून मागे आला आणि हात वर करून बोनस मागितला. मी नाही म्हटलं. खेळ वीस मिनिटं थांबला. एका टोकाकडून चार मुलं मोबाईल नाचवत धावत आली, “पंचानू, ह्यां बघा, मोबाईलात सगळां दिसतां!” दिसत होतंच. पाऊल रेषेच्या पार पलीकडे. तेवढ्यात दुसऱ्या टोकाकडून दुसरी मुलं आली, आपला मोबाईल घेऊन. त्यात तेच पाऊल रेषेच्या अलीकडे.

दोन्हीकडची मुलं प्रामाणिक होती आणि मोबाईलही दोन्ही चांगले होते. मग एकाच पावलाची दोन चित्रं कशी झाली, हे नीट समजून घ्यायला हवं. कारण मोबाईलात दिसलं ते खरंच असणार, या समजुतीवर आज गावोगाव पंचांना घेरलं जातं.

पुरुषांचं मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर निदान रेषा आणि तिच्यापुढे १ मीटरवर बोनस रेषा. समोर सहा किंवा सात खेळाडू असतील तरच बोनस मिळतो. त्यासाठी एक पाऊल रेषा ओलांडून गेलं पाहिजे आणि त्याच क्षणी मागचं पाऊल जमिनीवरून सुटलेलं पाहिजे. म्हणजे पंचाला दोन पावलं एकदम बघायची असतात, आणि त्यांच्यात मीटरभराचं अंतर असतं.

आता मोबाईलचं बघू. समजा, दहा मीटर अंतरावर उभा असलेला मुलगा जमिनीपासून दीड मीटर उंचीवर मोबाईल धरून आहे आणि चढाईपटूचं पाऊल जमिनीपासून १० सेंटिमीटर वर आहे. मोबाईलच्या भिंगापासून त्या पावलाच्या तळव्याला लागून एक सरळ रेघ काढा आणि ती जमिनीला टेकेपर्यंत न्या. ती पावलाच्या खाली टेकत नाही, त्याच्या सुमारे ७० सेंटिमीटर मागे टेकते. चित्रात पाऊल त्या जागी असल्यासारखं दिसतं. चढाई करणाऱ्या संघाचे पाठीराखे सहसा आपल्याच अंगणामागे बसतात. त्यांच्याकडून चढाईपटू लांब जात असतो, त्यामुळे त्यांच्या मोबाईलमध्ये हवेतलं पाऊल आणखी पुढे सरकून रेषेपार दिसतं. पकड करणाऱ्या संघाचे पाठीराखे समोरच्या टोकाला. त्यांच्याकडे चढाईपटू येत असतो, म्हणून तेच पाऊल त्यांना मध्यरेषेच्या बाजूला, म्हणजे रेषेच्या अलीकडे दिसतं. ज्याला जे दिसावंसं वाटतं तेच त्याच्या बसायच्या जागेमुळे त्याला दिसतं. मला ही गोष्ट ज्या दिवशी कळली त्या दिवसापासून मोबाईल घेऊन धावत येणाऱ्या मुलांचा राग येणं थांबलं.

वर वेगाचा हिशेब वेगळाच. साधा मोबाईल सेकंदाला ३० चित्रं घेतो. झटकन टाकलेलं पाऊल सेकंदाला ३ मीटर वेगाने गेलं तर दोन चित्रांच्या मधे ते १० सेंटिमीटर सरकलेलं असतं. मैदानावरची रेषा ३ ते ५ सेंटिमीटर रुंद. एका चित्रात पाऊल रेषेच्या अलीकडे, पुढच्या चित्रात पलीकडे, आणि ज्या क्षणावरून भांडण चाललंय तो क्षण कुठल्याच चित्रात नाही. रात्रीच्या कमी उजेडात पाऊल पुसट, पसरट दिसतं ते निराळंच. टेकलं होतं की तसंच हवेतून परत आलं, हे त्या पुसट डागावरून कुणीही सांगू शकणार नाही.

रेषेचा निकाल देण्याजोगी जागा एकच, रेषेच्या सरळ लांबीत. तिथून पाहिलं तर पाऊल हवेत असलं तरी ते रेषेच्या बाजूने सरकल्यासारखं दिसतं, तिला ओलांडून नाही. म्हणून तर पंच चढाईबरोबर बाजूच्या रेषेवरून सरकत राहतो. हजार माणसांच्या मैदानात ती जागा मिळते त्या एकालाच, आणि नेमकं त्याने काय पाहिलं, काय ऐकलं, कुणाला काय सांगितलं, याची नोंद कुठेही होत नाही. गुणपत्रकावर फक्त आडव्या-तिरप्या खुणा उरतात.

मला या लेखात सांगायचंय ते एवढंच. पंचाने सामन्यात स्वतःचा रेकॉर्डर बाळगावा. तो चित्राचा नसला तरी चालेल, आवाजाचा मात्र हवा. आणि तो सामना संपल्यावरच ऐकला जावा.

आवाजच का, हे कबड्डी खेळलेल्याला सांगायला नको. क्रिकेट, फुटबॉल, टेनिसमधले बहुतेक निर्णय डोळ्यांचे असतात. कबड्डीत पंचाचा अर्धा जीव कानात असतो. चढाईपटूने समोरच्या अंगणात पाय टाकण्याआधी दम सुरू केला पाहिजे, तो स्पष्ट ऐकू आला पाहिजे आणि परत आपल्या अंगणात येईपर्यंत एकाच श्वासात चालू राहिला पाहिजे. मधे तुटला तर गडी बाद. चढाईला ३० सेकंदांची मर्यादा आल्यापासून लोकांचं लक्ष घड्याळाकडे गेलं, पण दमाचा नियम आहे तिथेच आहे. आणि दम कुठल्याही मोबाईलच्या चित्रात येत नाही. ४० फुटांवरून घेतलेल्या क्लिपमध्ये ऐकू येतो तो गलका, कर्ण्यावरचा निवेदक आणि जनरेटर. चढाईपटूच्या तोंडापासून तीन-चार मीटरवर असलेला कान पंचाचाच.

शिवाय आमच्या मैदानांवर मोठे तंटे होतात ते बऱ्याचदा पंचाच्या निर्णयाने होत नाहीत, तो निर्णय इकडून तिकडे जाताना होतात. एक सरपंच, दोन पंच, दोन रेषापंच, गुणलेखक. सहा माणसं, हाताच्या खुणा आणि शिट्टी. पंच म्हणतो ‘दोन’, कर्ण्याच्या आवाजात गुणलेखकाला ऐकू येतं ‘लोण’. गुणफलक बदलतो, लोक उसळतात. दुसऱ्या दिवशी कोण कुणाला काय म्हणालं याच्या चार कहाण्या गावात फिरतात.

याचं जगातलं सगळ्यात बोलकं उदाहरण इंग्लंडच्या प्रीमिअर लीगमधलं आहे. ३० सप्टेंबर २०२३ ला टॉटनहॅम आणि लिव्हरपूल यांच्या सामन्यात लुईस डियाझने गोल केला आणि मैदानावरच्या पंचांनी तो ऑफसाइड ठरवला. व्हिडिओ पंचांनी चित्र तपासलं. खेळाडू ऑफसाइड नव्हता. पण मैदानावरचा मूळ निर्णय ‘गोल’ असाच आहे, असं त्यांनी धरलं होतं, म्हणून त्यांनी ‘तपासणी पूर्ण’ एवढंच कळवलं. मैदानावर त्याचा अर्थ झाला, गोल नाही हे बरोबर. खेळ पुन्हा सुरू झाला आणि काही सेकंदांत चूक लक्षात आली तेव्हा नियमाने मागे जाता येईना. लिव्हरपूल २-१ ने हरलं. पुढचे दोन-तीन दिवस इंग्लंडमध्ये पक्षपाताचे, विकले गेल्याचे आरोप झाले. मग पंचांच्या संघटनेने त्यांच्या आपसातल्या बोलण्याचं ध्वनिमुद्रण लोकांसमोर ठेवलं. त्यात लबाडी नव्हती. घाईत वापरलेले दोन अपुरे शब्द होते आणि चूक कळल्यावर घाबरलेली माणसं होती. निकाल बदलला नाही. पण चूक नेमकी कुठे झाली हे सगळ्या जगाला कळलं आणि पंचांनी आपसात कसं बोलावं याची शिस्त नव्याने बांधली गेली. शंभर कोनांतली चित्रं असूनही जे कळलं नसतं ते दोन मिनिटांच्या आवाजाने कळलं.

उलट बाजूचं उदाहरण आपल्या कबड्डीचंच. ७ ऑक्टोबर २०२३, हांगझोऊ, आशियाई खेळांचा अंतिम सामना, भारत आणि इराण. १९९० ला बीजिंगमध्ये कबड्डी या स्पर्धेत आली तेव्हापासून सात सुवर्णपदकं ओळीने आपली. २०१८ ला जकार्तात इराणने उपांत्य फेरीत ती साखळी तोडली, त्यामुळे या सामन्याला धार होती. गुण २८-२८, जेमतेम दीड मिनिट बाकी. पवन सेहरावत चढाईला गेला आणि कुणाला हात लागण्याआधीच राखीव क्षेत्रात गेला. त्याच्यामागून इराणचे बचावपटूही त्यात उतरले. मग जवळपास तासभर खेळ बंद. खेळाडू मॅटवर बसून राहिले. कॅमेरे तर चहूबाजूंनी होते, पाऊल कुठे पडलं याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. भांडण होतं नियमाचं. जुन्या नियमाने मागोमाग उतरलेले बचावपटूही बाद, नव्या नियमाने फक्त चढाईपटू बाद, आणि या स्पर्धेत नेमका कोणता नियम लागू, यावर टेबलाशी उभ्या असलेल्या माणसांचं एकमत होईना. निर्णय एकदा इकडे, एकदा तिकडे झुकला. शेवटी भारत ३३-२९ ने जिंकला. सुवर्णपदक मिळालं, मला आनंद झाला. पण पंच म्हणून त्या तासाकडे बघताना मी अस्वस्थ होतो आणि आजही आहे. सामन्यापूर्वी सरपंचाने दोन्ही कर्णधारांना समोर घेऊन राखीव क्षेत्राचा नियम मोठ्याने वाचून दाखवला असता आणि ते मुद्रित झालं असतं तर तो तास वाचला असता.

म्हणून मी चित्रापेक्षा बोलण्याच्या नोंदीला जास्त मान देतो. चित्र पाऊल कुठे पडलं याचं उत्तर देतं, तेही कॅमेरा योग्य जागी असेल तर. आधी काय ठरलं होतं, पंचाने काय ऐकलं, कुणाला विचारलं, ताकीद दिली की नाही, शिवी आधी कुणी दिली, याचं उत्तर आवाजच देतो.

चित्राचा मार्ग आपल्याकडे नवा नाही. नोव्हेंबर १९९२ मध्ये डर्बनच्या कसोटीत तिसऱ्या पंचाने टीव्ही बघून पहिला फलंदाज धावबाद दिला, तो आपला सचिन तेंडुलकर. तेव्हापासून क्रिकेट, टेनिस, फुटबॉल, प्रो कबड्डी सगळीकडे पडद्यावरचा पंच आला. पण त्यासाठी ठरलेल्या जागी बसवलेले कॅमेरे, ते चालवणारी माणसं आणि पैसा लागतो. ते सगळं असूनही विम्बल्डनमध्ये २०२५ ला रेषापंच काढून यंत्र बसवलं आणि त्याच वर्षी एका सामन्यात कोर्टाच्या एका भागातलं यंत्र चुकून बंद राहिलं. चेंडू बाहेर पडला होता, यंत्र गप्प, आणि खुर्चीतल्या पंचाला गुण पुन्हा खेळवावा लागला. आमच्या मळ्यातल्या मैदानात एका मचाणावरच्या कॅमेऱ्याने तसा न्याय करायला जाणं म्हणजे वर सांगितलेल्या ७० सेंटिमीटरच्या घोळाला कायद्याचं रूप देणं. ते करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पंचाच्या अंगावरचं यंत्र हा प्रकार वेगळा आहे आणि त्याचं मूळ कारण निकाल नाही, पंचाची सुरक्षा आहे. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने फेब्रुवारी २०२३ मध्ये मिडल्सब्रो भागातल्या गल्लीबोळातल्या फुटबॉलपासून पंचांच्या छातीवर कॅमेरे लावून पाहायला सुरुवात केली, पुढे आणखी तीन भागांत. रविवारी सकाळी हौशी संघांचे सामने घेणाऱ्या पंचांना शिव्या, धक्काबुक्की, मारहाण होत होती. मुद्रण शिस्तभंगाच्या सुनावणीत पुरावा म्हणून वापरता येईल, असं ठरलं. २०२५ च्या फिफा क्लब विश्वचषकात पंचांच्या कानाशी कॅमेरा आला, तो मात्र प्रेक्षकांना पंचाच्या नजरेतून खेळ दाखवण्यासाठी. रग्बीत तर पंचाच्या अंगावर माईक असतो आणि तो खेळाडूला काय समजावतोय ते घरी बसलेला प्रेक्षक ऐकतो.

आपल्याकडे याची गरज नाही, असं कुणी म्हणू नये. २ फेब्रुवारी २०२५ ला अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत गादी विभागाच्या कुस्तीत पृथ्वीराज मोहोळला चितपटीने विजयी ठरवलं. शिवराज राक्षेचं म्हणणं होतं की आपली पाठ पूर्ण टेकलेली नाही, चित्रण बघा. वाद वाढला, पंचाची कॉलर धरली गेली, लाथ मारली गेली. पुढच्या अंतिम कुस्तीतही महेंद्र गायकवाडने निर्णयावर चिडून आखाडा सोडला. राक्षे आणि गायकवाड दोघांवर तीन वर्षांची बंदी आली. नंतरचे कित्येक दिवस राज्यभर लोक ते चित्र थांबवून, मोठं करून खांदा टेकला की नाही यावर भांडत होते. त्या क्लिपांमध्ये मला हवं होतं ते नव्हतं. पैलवानाने नेमकी काय मागणी केली, पंचाने त्याला काय उत्तर दिलं, गादीवरचा पंच आणि टेबलावरचे पंच आपसात काय बोलले. पैलवानावर खरोखर अन्याय झाला असेल तर त्याच्या बाजूने हाच पुरावा उभा राहिला असता, आणि झाला नसेल तर पंचाच्या बाजूने. लाथेचं समर्थन कशानेच होत नाही. पण वर्षभर घाम गाळलेल्या पैलवानाला दाद मागायला जागाच दिसत नसेल तर त्याचं डोकं फिरतं, हेही विसरता येत नाही.

आता आक्षेपांकडे येतो. ते पोकळ नाहीत.

पहिला आक्षेप आमच्याच पंच मंडळींचा. रोज टेप ऐकून लोक आमच्या चुका काढणार, मग शिट्टी कोण वाजवणार? कोकणातल्या माणसाला देवाचा कौल माहीत आहे. कौल झाला की त्यावर चर्चा नाही. पंचाचा शब्दही तसाच असावा, असं जुनी मंडळी मानतात, आणि खेळ चालू असेपर्यंत मीही तेच मानतो. चाळीस मिनिटांच्या सामन्यात दर चढाईला रेकॉर्डर काढून ऐकायचा झाला तर पहाटेपर्यंत एक फेरी होणार नाही. म्हणूनच मुद्रण सामन्यानंतर, लेखी तक्रार आली तरच, आणि तेही निकाल फिरवण्यासाठी नाही. शिस्तीची सुनावणी आणि पंचाचं शिक्षण यांच्यासाठी. पंचांच्या उजळणी वर्गात नियमपुस्तक वाचून जे शिकवता येत नाही ते स्वतःचा आवाज ऐकून दहा मिनिटांत कळतं.

दुसरा आक्षेप माणसाच्या स्वभावाचा आहे. माईक आहे म्हटल्यावर माणूस माईकशीच बोलायला लागतो. जानेवारी २०२२ मध्ये केपटाऊन कसोटीत डीन एल्गरचा पायचीत निर्णय फिरला तेव्हा आपल्या खेळाडूंनी यष्टीतल्या माईकजवळ जाऊन प्रक्षेपकांना सुनावलं, ते सगळ्यांनी ऐकलं. पण याच माईकने २०१९ मध्ये डर्बनला पाकिस्तानच्या सर्फराज अहमदचे वर्णद्वेषी शब्दही पकडले आणि त्याला चार सामने बाहेर बसावं लागलं. आमच्या मैदानांवर जातीवरून, गावावरून, आईबहिणीवरून जे बोललं जातं ते मी तीस वर्षं ऐकतोय. सकाळी सगळे म्हणतात, असं कुणी बोललंच नाही. रेकॉर्डर असेल तर निदान ते बोललं गेलं होतं एवढं तरी कुणाला नाकारता येणार नाही.

तिसरा आक्षेप सगळ्यात वजनदार, खासगीपणाचा. छातीवरच्या कॅमेऱ्याला मी कबड्डीत सरळ विरोध करतो. पकडीत सात-आठ शरीरं एकमेकांत अडकलेली असतात आणि पंच त्यांच्यावर वाकलेला असतो. मुलींच्या सामन्यातलं असं जवळचं चित्र कुणाच्या तरी मोबाईलमध्ये गेलं तर त्या मुलीचं खेळणं बंद होईल. खेड्यात तर नक्कीच. आवाजात हा धोका खूप कमी. तरीही परवानगी हवी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालच्यांना मूल मानलं आहे आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची खात्रीशीर संमती मागितली आहे. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालच्या गटांत होतात, म्हणजे त्यातले जवळपास सगळेच खेळाडू यात येतात. प्रवेशअर्जावर पालकांची सही आधीपासून असतेच, तिथे ध्वनिमुद्रणाची एक स्वच्छ ओळ वाढवावी. आणि कर्ण्यावरून सामन्याआधी जाहीर सांगावं की पंचाकडे रेकॉर्डर आहे. लपवून केलेलं मुद्रण पंचाने करू नये, त्याने पंचाचाच मान जातो.

मग ती फाईल कुणाकडे? मंडळाकडे नको, कारण बहुतेक वेळा मंडळाचाच संघ स्पर्धेत असतो. पंचाच्या घरीही नको. तालुका किंवा जिल्हा संघटनेकडे महिनाभर ठेवावी आणि तक्रार नसेल तर पुसावी. मधे कुणी काही कापलं नाही याची खात्री करण्याचा सोपा उपाय आहे. प्रत्येक फाईलमधून गणिताने एक ओळखक्रमांक काढता येतो, त्याला हॅश म्हणतात. नेहमीच्या पद्धतीत तो ६४ अक्षरांचा असतो. फाईलमधला अर्धा सेकंद जरी बदलला तरी क्रमांक पूर्ण वेगळा येतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्रात हॅश मागितला आहे. सामना संपला की पहिली आणि शेवटची आठ-आठ अक्षरं गुणपत्रकावर लिहायची. कर्णधारांच्या सह्या तिथे होतातच. आजचा कुठलाही कॉलेजचा मुलगा हे दोन मिनिटांत करून देईल. विश्रांती आणि थांबे धरून तासाभराचा आवाज ६० एमबीच्या आसपास जातो, जुन्या मोबाईलमध्येसुद्धा मावतो.

आमच्या किनाऱ्यावर अडचण येते ती वाऱ्याची. शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो, त्यांची खरी ओळख मला रेकॉर्डरने करून दिली. संध्याकाळी समुद्राकडून खारं वारं सुटलेलं असताना माईकवर फक्त घोंघावणं येतं, शब्द एक नाही. वारा पडल्यावर मधले तास चांगले जातात आणि उत्तररात्री जमिनीकडून मतलई सुटली की पुन्हा फरफर. माईकवर स्पंजचा बोळा चढवला आणि तो कॉलरच्या आतल्या बाजूला लावला की बराच फरक पडतो. शिट्टीचा त्रास वेगळा. ती तोंडात आणि माईक कॉलरला, अंतर वीतभर. शिट्टीच्या वेळी आवाज फुटतो आणि पुढचा क्षणभर काही कळत नाही. त्यासाठी आवाजाची पातळी खाली ठेवावी लागते, मग दूरचं बोलणं बारीक येतं. सामन्याआधी दम घेऊन बघायला एखाद्या मुलाला समोर उभं करायचं, शिट्टी मारायची आणि पातळी लावायची. खाऱ्या हवेत यंत्र गंजतं, म्हणून सामना झाला की कोरड्या फडक्याने पुसून डब्यात तांदळाच्या पुरचुंडीबरोबर ठेवायचं. मी जवळपास दोन मोसम हे करतोय.

गेल्या फेब्रुवारीतली एक चढाई मी अजून विसरलेलो नाही. सतरा-अठरा वर्षांचा मुलगा, तिसरी चढाई, गुण आणलाच पाहिजे अशी वेळ. त्याने डाव्या कोपऱ्याला हात लावला, साखळी तोडली आणि मध्यरेषेकडे झेपावला. मी शिट्टी वाजवून दम तुटल्याची खूण केली. गडी बाद. त्याने माझ्याकडे पाहिलं, काही बोलला नाही, बाहेर जाऊन बसला. त्याचा संघ दोन गुणांनी हरला. तक्रार आली नाही. नियमाप्रमाणे मी ते मुद्रण ऐकायलाही नको होतं. पण त्याची ती नजर मनातून जाईना, म्हणून संघटनेच्या परवानगीने दुसऱ्या दिवशी कानात यंत्र घालून ऐकत बसलो.

आधी पायांचा आवाज. मग दम, भरभर, नीट. मग कर्ण्यावरून निवेदकाने बक्षीस जाहीर केलं, कुणीतरी पाचशे रुपये लावले होते, टाळ्या पडल्या. नेमक्या तिथे मला मैदानावर दम ऐकू आला नव्हता. कर्ण्याच्या आवाजाखाली काहीतरी बारीक चालू होतं. मी ती जागा पुन्हा लावली, पुन्हा लावली. सहाव्या वेळी ते सुटं झालं. त्या गलक्याच्या तळाशी, श्वास न घेता, ओळीने, माझी शिट्टी वाजेपर्यंत मुलगा म्हणत होता, कबड्डी, कबड्डी, कबड्डी.

त्याच संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. खळ्यात बसलो, त्याला एक कान दिला, दुसरा माझ्याकडे ठेवला.